उघड्यावर गंजलेली जुनी गाडी पुन्हा सुरू करताना: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून किंवा सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर चार-पाच पावसाळे खाल्लेली गाडी. मारुती 800, झेन, सँट्रो, इंडिका, कुठलीही. तिच्याबद्दल जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. शक्यतो वरून खाली क्रमाने वाचा, कारण कामाचा क्रमही साधारण तोच आहे; फक्त शेवटी दिलेला कागदांचा हिशोब आधी करा.

पाच वर्षं बंद आहे. नवी बॅटरी टाकून सेल्फ मारून बघू का?

नको. सगळ्यात जास्त नुकसान याच एका उतावळेपणाने होतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगांना गंज धरलेला असतो, टाकीत पेट्रोलचा चिकट गाळ झालेला असतो. पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पाणीही असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सेल्फच्या जोरावर पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम प्लग काढून थोड्याशा ऑइलमध्ये झालं असतं, त्यासाठी मग इंजिन उतरवावं लागतं.

दुसरं म्हणजे, इंजिन सुरू झाल्यावर माणसाला मोह आवरत नाही. ब्रेक तपासायच्या आधीच गाडी गेटबाहेर निघते.

मग आधी काय बघायचं?

पत्रा. आपल्याकडे बंद गाडी मरते ती पत्र्याने. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं बदलता येतं, पण सांगाडा सडला की बाकीचा खर्च पाण्यात.

साधनं साधी लागतात: एक जाडसा पेचकस, एक लोहचुंबक, टॉर्च आणि अंगावर जुने कपडे. पुढचं आणि मागचं मॅट उचला आणि पाय ठेवायच्या जागेचा पत्रा पेचकसाच्या मुठीने ठोका. निरोगी पत्रा टणटण वाजतो, सडलेला धप्प आवाज देतो आणि गंजाची खपली खाली पडते. दाराखालच्या रनिंग बोर्डवर पेचकसाचं टोक दाबा. रंग वरून चकचकीत दिसतो आणि टोक बिस्किटात घुसावं तसं आत जातं, हे फार वेळा घडतं. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी लांबीचा (पुट्टीचा) थर आहे, म्हणजे आधीच्या कोणीतरी भोक बुजवून रंग मारलेला आहे.

मग बोनेट उघडून काचेच्या खालची जाळी बघा. तिथे पिंपळ, गुलमोहर, पर्जन्यवृक्षाचा पाला कुजून चिखल झालेला असतो. पाणी निघायची वाट बंद होते आणि ते आत, डॅशबोर्डमागे झिरपतं. ड्रायव्हरच्या पायाशी ओल येते ती बहुधा इथूनच. बॅटरीची ताटली, शॉकअप वर जिथे बसतो तो पत्रा, डिकीत स्टेपनीचा खड्डा, दाराच्या खालच्या कडा या बाकीच्या जागा.

शेवटी जॅक. रनिंग बोर्डखाली जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून-बंद करून पहा. दाराच्या फटी बदलत असतील किंवा जॅक पत्र्यात रुतत असेल, तर सांगाड्यात जीव राहिलेला नाही. हे करताना गाडीखाली डोकंच काय, हातसुद्धा घालू नका.

आपल्याकडे गाड्या इतक्या लवकर का सडतात?

वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाडीवरून येणारा खारा वारा. त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची हवा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. ऐरोली, वाशी, कोपरी, खारेगाव अशा खाडीकाठच्या जागी उभी गाडी आणि घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला छपराखाली उभी गाडी यांत पाच वर्षांनी डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. मातीवर किंवा गवतात उभी असेल तर आणखी वाईट, कारण खालून वाफ लागत राहते.

गाडी सोडून द्यावी, हे कधी ठरवायचं?

शॉकअपची वरची बैठक, खालच्या आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) जोड, पुढचा क्रॉस मेंबर (सांगाड्याची पुढची आडवी पट्टी), सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, यांपैकी दोन ठिकाणी भोकं असतील तर सोडा. भावना असेल तर गोष्ट वेगळी, पण मग हिशोब मांडू नका. नुसती फरशी आणि एका बाजूचा रनिंग बोर्ड गेला असेल तर गाडी होते. बोनेट, मडगार्ड, दारं सडलेली असणं ही किरकोळ गोष्ट आहे, ते भाग बोल्टवर निघतात आणि जुने चांगले मिळतात.

काम जागेवरच करू की गॅरेजला नेऊ?

तपासणी, साफसफाई, बॅटरी, प्लग जागेवर. पेट्रोल काढणं, ब्रेक, वेल्डिंग गॅरेजमध्ये. नेताना सपाट पाटीची टोइंग गाडी बोलवा. साखळीने ओढून नेण्यासाठी मागच्या गाडीचे ब्रेक चालावे लागतात, आणि तुमचे तर तेच संशयास्पद आहेत. शिळफाट्याच्या किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रक-डंपरमध्ये तो प्रयोग नको.

आत उंदरांनी घर केलंय. काय करू?

झाडूने झाडू नका. लेंड्यांची धूळ नाकात जाते. दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, मास्क आणि रबरी हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने उचला. पावसाळ्यात आपल्या भागात लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण दरवर्षी निघतात. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

घरटी तीन ठिकाणी शोधा: एअर फिल्टरचा डबा, ब्लोअरचा पंखा, मागच्या सीटखालचा फोम. सीटखालीच बऱ्याच गाड्यांत पेट्रोल पंपाची वायर असते, ती कुरतडलेली असेल तर ठिणगी नेमकी नको त्या जागी पडते. येऊरच्या पायथ्याशी उभी गाडी असेल तर बोनेट उघडण्याआधी दोन थापा मारा. साप आणि गांधीलमाश्या दोघांनाही सूचना मिळते.

हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं फिरत नाहीत.

ब्रेक शू (चाक थांबवणारे आतले तुकडे) गंजाने ड्रमला (त्यांच्यावरच्या गोल डब्याला) चिकटलेत. दुसऱ्या गाडीने ओढलं तर चाक सुटल्यासारखं वाटतं, पण अनेकदा शूवरचं लायनिंग उखडून ड्रममध्ये अडकलेलं असतं आणि पुढच्याच ब्रेकला चाक जाम होतं.

पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या, चाक काढा. हँडब्रेकची केबल ढिली करा. ड्रमच्या तोंडाभोवती हातोडीने गोल फिरून मध्यम ठोके द्या, एकाच जागी जोरात नको, ड्रम तडकतो. बऱ्याच जपानी बनावटीच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. मारुती 800 सारख्या गाड्यांत त्याआधी मधला नट काढावा लागतो, हे विसरून बोल्ट आवळणारे आटे मारून बसतात. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं फडकं वापरा.

बाकी ब्रेकमध्ये काय बदलायचं?

इथे कंजुषी करू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पाच वर्षांत त्याने मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा) आणि व्हील सिलिंडर (चाकातले) आतून गंजवलेले असतात. व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर नवी रबरी किट टाकून उपयोग नाही, रबर त्याच खड्ड्यांवर घासून आठवड्यात गळेल. सिलिंडरच बदला. रबरी ब्रेक होज चारही नवे. जुना होज आतून फुगतो, दाब जातो पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. लोक कॅलिपर (डिस्कला दाबणारा भाग) बदलत बसतात, दोष होजचा असतो. पत्र्याखालून मागे जाणारी लोखंडी नळी बोटाने चाचपा. क्लिपखाली ती हमखास खाल्लेली असते.

डिस्कवरचा वरवरचा गंज दहा-बारा ब्रेकमध्ये निघून जातो. खोल खड्डे असतील, किंवा जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान मापाच्या खाली गेली असेल, तर नवी घ्या. मग कंपनीने सांगितलेलं, डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद बाटलीतलं ब्रेक ऑइल. सगळी लाइन धुऊन भरायला एक लिटर पुरतं. हवा काढताना बहुतेक गाड्यांत सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं.

इंजिन जाम आहे का, कसं कळणार?

ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी आहे, तिथेच थांबा. ठीक असेल तर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये 15 ते 20 मिली इंजिन ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) सोडा आणि दोन दिवस विसरून जा. त्यानंतर क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून हाताने फिरवा. बहुतेक गाड्यांत पुलीकडून पाहिलं की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. काही जुन्या होंडांत उलट. पूर्ण दोन फेरे अडथळा न येता झाले की इंजिन मोकळं आहे.

नाही फिरलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस, आणि पाना पुढे-मागे जराजरा हलवा. आठवडाभरात हललं नाही तर हेड उघडावं लागेल. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, पाच-सहा वर्षं उभा राहिलेला बेल्ट बदला. सुरू झाल्यावर तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत वॉल्व्ह वाकतात.

टाकीतलं जुनं पेट्रोल चालेल का?

नाही. चार-सहा महिन्यांतच पेट्रोल खराब होतं, पाच वर्षांत त्याला जुन्या वार्निशचा वास येतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते पाणी ओढतं, ठरावीक मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतात आणि टाकी खालून गंजते. सगळं उपसा, टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा. हलका गंज असेल तर फॉस्फोरिक अॅसिडने धुऊन, पाण्याने निथळून, लगेच सुकवून पेट्रोल फिरवा. भोक असेल तर टाकीच बदला. पेट्रोलची टाकी वेल्डिंगला देणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, कितीही धुतली तरी.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे घ्या, क्लिपा नव्या लावा. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं, म्हणून पेट्रोल फिल्टर आता एकदा आणि 200-300 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर जेट सोडवून साफ करा, भोकात तार घालू नका.

पहिल्यांदा सुरू कशी करायची?

नवं ऑइल, नवा फिल्टर. मारुती 800 सारख्या छोट्या इंजिनाला साधारण तीन लिटर लागतं. या पहिल्या भरणाला महागडं ऑइल नको, ते लवकरच काढून टाकायचं आहे. टाकीत पाच लिटर ताजं पेट्रोल. प्लग अजून बाहेरच ठेवा, कॉइलचं कनेक्शन काढा, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली गाडी) असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. सिलिंडरमधलं जादा ऑइल प्लगच्या भोकांतून उडेल, समोर तोंड नेऊ नका.

याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. चांगल्या पेट्रोल इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला 10 ते 13 किलो. आकडा थोडा कमी असला तरी सगळे सिलिंडर सारखे असतील तर घाबरू नका, चालल्यावर रिंगा मोकळ्या होतात. एकच सिलिंडर फार खाली असेल तर बहुधा वॉल्व्ह अडकलाय.

आता प्लग लावा, जोडण्या पूर्ववत करा, शेजारी दोन किलोचं पावडरचं अग्निशामक ठेवा आणि चावी मारा. पाच मिनिटं निळा धूर येईल, ते तुम्ही घातलेलं ऑइलच आहे. पेट्रोल कुठे गळतंय का, तापमानाचा काटा कुठे आहे, बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट येतात का, एवढं बघा. पंधरा-वीस मिनिटांनी बंद करा आणि गरम असतानाच ऑइल काढून टाका.

सुरू झाली, पण गिअर पडत नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. ब्रेक पक्के झाले असतील आणि मोकळं मैदान असेल, तर इंजिन गरम करून बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून सेल्फ मारा आणि अॅक्सिलरेटर-ब्रेकचे हलके झटके द्या. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवणं आलंच.

कूलंटऐवजी साधं पाणी चालेल?

रेडिएटर साफ करताना चालेल. तांबडं पाणी येणं बंद होईपर्यंत फिरवा, थर्मोस्टॅट आणि सगळे होज बदला, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

बॅटरी, वायरिंग?

दहा व्होल्टच्या खाली पडून राहिलेली बॅटरी चार्जरला लावून वेळ घालवू नका, नवी घ्या. वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त सतावते ती अर्थिंग. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन पट्ट्यांची टोकं घासून चमकवा. सेल्फ मारताना बॅटरीचं वजा टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मल्टिमीटरवर 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर तिथेच गडबड आहे. कुरतडलेली वायर सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा, काळी चिकटपट्टी उन्हात सुटते.

टायरची नक्षी नव्यासारखी आहे. ठेवू का?

बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांच्या आसपासचा, किंवा बाजूला भेगा पडलेला टायर फेकाच, स्टेपनीसकट.

सीएनजी किट आहे.

सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाल्याशिवाय एक किलोही भरू नका. पट्ट्यांखाली गंज असेल तर तो पुन्हा वापरायचा की नाही ते अधिकृत केंद्रच सांगेल, गॅरेजवाला नाही.

गंजावर लांबी भरून रंग मारला तर किती टिकतो?

एक पावसाळा. गंज रंगाखाली जिवंत राहतो. वरवरचा गंज वायर ब्रशने चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, खाचांत उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर. साधा रेड ऑक्साइड पाणी पूर्ण अडवत नाही. घासलेला उघडा पत्रा आपल्या हवेत रात्रीतून तांबूस होतो, म्हणून जेवढं घासाल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर.

भोक असेल तिथे सडका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिमीचा पत्रा वेल्ड करा. सीओटू वेल्डिंग मागा. गॅस वेल्डिंगने आजूबाजूचा पत्रा तापून वाकतो आणि पलीकडचा रंग जळून तिथे नवा गंज सुरू होतो. फायबर, एम-सील, रिव्हेट मारलेली पट्टी हे सांगाड्याला अजिबात नको. वेल्डिंगआधी बॅटरी आणि इंजिनचा कॉम्प्युटर सोडवायला सांगा.

खालून काळं कोटिंग मारून देणारे बरेच आहेत. ओल्या गंजावर ते मारलं तर आतलं पाणी कोंडतं आणि पत्रा दुप्पट वेगाने जातो. दिवाळी ते मे या कोरड्या दिवसांत, साफ आणि सुकलेल्या पत्र्यावरच. दारांच्या आणि रनिंग बोर्डच्या तळाची पाणी निघायची भोकं कोटिंगने बुजणार नाहीत हे स्वतः वाकून बघा, कारागीर ते बघत नाही.

जुने पार्ट कुठून?

कुर्ल्याचा सीएसटी रोड अजूनही पहिला पर्याय. मडगार्ड, दार, काच, दिवे, हँडल बिनधास्त जुनं घ्या, बिल मात्र मागा. ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, सीटबेल्ट आणि कुठलंही रबर नवंच.

पंधरा वर्षं उलटून गेली आहेत. कागदांचं काय?

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना 25. एमएच-04 असेल तर ठाणे आरटीओ, एमएच-43 असेल तर नवी मुंबई. एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 5,000 रुपये आहे, आणि 20 वर्षं उलटलेल्या कारसाठी ऑगस्ट 2025 पासून 10,000. मुदत संपून गेली असेल तर दर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क, म्हणजे पाच वर्षांचे 30,000. पर्यावरण कर वेगळा. गाडीवर पहिला रुपया घालण्याआधी हा हिशोब परिवहनच्या पोर्टलवर करून घ्या, थकीत ई-चलनंही तिथेच कळतील.

क्रम असा: गाडी दुरुस्त, मग विमा, मग पीयूसी, मग आरटीओची तपासणी. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. नोंदणी संपलेली गाडी तपासणीलासुद्धा चालवत नेऊ नका, टोइंगवर न्या. विमा नसल्याचा पहिला दंड 2,000 रुपये आहे, पण खरी भीती अपघाताची. तिथे भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. आणि गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे.

बँकेची एनओसी आणि नमुना 35 देऊन बोजा उतरवा. बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं असेल तर नव्या बँकेकडून पत्र घ्यावं लागतं, त्यात वेळ जातो, आधी तेच हाती घ्या. वारसाच्या नावासाठी नमुना 31, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. नियमाने 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो.

दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांवर बंदी आली ना?

तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेली गाडी चालते.

महापालिकेने काचेवर नोटीस चिकटवली आहे.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर असेल तर दिलेल्या मुदतीत हलवा. नाहीतर बेवारस म्हणून उचलतात, आणि सोडवायला दंडासोबत तेच कागद लागतात जे तुमच्याकडे नसतात.

भंगारात द्यायचं ठरलं, तर?

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला रोखीत देऊ नका. गाडी कापली गेली तरी आरटीओत ती तुमच्याच नावावर राहते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, गाडी जमा केल्याचा दाखला) मिळतं आणि नोंदणी रद्द होते. ते प्रमाणपत्र दाखवून नवी खासगी गाडी घेताना वाहन करात सवलत मिळते, केंद्राच्या नियमांत कमाल 25 टक्के.

काम रेंगाळतंय, तोवर गाडी कशी ठेवू?

निळी ताडपत्री घट्ट बांधू नका, आतला घाम बाहेर जात नाही. हवा खेळणारं कव्हर, खाली फरशी किंवा लाद्या, काचा बोटभर खाली, हँडब्रेक सोडलेला आणि चाकांना दगड. बॅटरीचं वजा टोक काढून ठेवा. आणि दर पंधरा दिवसांनी काचेखालची जाळी पाल्यापासून मोकळी करा.